कैफियतीचा रकाना

जमिनीच्या पहाणीच्या कागदावर अगदी शेवटी एक रकाना असतो. निजामाच्या अमदानीपासून त्याचं नाव कैफियत. सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदार, पीक, पाण्याचं साधन, सगळं लिहून झालं की जे कुठल्याच रकान्यात बसत नाही ते तिथे लिहायचं. 'बांधावर वादाची चिंच आहे.' 'खातेदार परागंदा, धाकटा भाऊ वाहतो.' आमच्या आदिलाबादेत एक गृहस्थ होते. ते वेबसाइटी बनवत, आणि त्यांच्या प्रत्येक डेटाबेसच्या प्रत्येक टेबलात शेवटचा रकाना कैफियतीचा असे. मग ते टेबल गिऱ्हाइकांचं असो, पंपांचं असो, नाहीतर जिल्ह्यातल्या गावांचं.

त्यांचे वडील जुने पटवारी. सरकारनं पटवारकी बंद केली त्याला जमाना झाला, पण गावानं ती यांच्या नावाला चिकटवून ठेवली होती. सगळे त्यांना पटवारी म्हणत, मी काका म्हणायची. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, भांडून निघाले, आणि त्यांना एक वाक्य सांगायचं राहून गेलं. 'काका, चूक माझी होती.' एवढं चार शब्दांचं वाक्य सांगायला मला नऊ वर्षांत सवड झाली नाही. गेल्या पोळ्याच्या सुमारास ते गेले. बातमी फोनवर कळली तेव्हा मी हैदराबादला एका मीटिंगमध्ये होते आणि मीटिंग संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

त्यांचं ऑफिस भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली दिवसभर पितळी ताटांचा खणखणाट, वर दोन कॉम्प्युटर, एक लाकडी बाक आणि कोपऱ्यात जुन्या तेलुगू कॅलेंडरांची भेंडोळी. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर काका लाल-निळ्या पेन्सिलीनं टेबलं आखत. जे पक्कं ते निळ्यानं, जे वादाचं ते लालनं. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी तीन-चार कॅलेंडरं तरी खर्ची पडत. मी इंजिनिअरिंग करून आलेली, मला हा सगळा प्रकार म्हणजे पोरखेळ वाटायचा.

मुलाखतीला गेले तेव्हा माझं सर्टिफिकेट त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "तुह्या आडनावाचे स्पेलिंग किती?"

"एकच की."

"घरून कागदं घेऊन ये. मंग सांगजो."

आमचं घर बाजारात, भाजीच्या दुकानामागेच. मी तणतणत जाऊन कागद घेऊन आले. रेशन कार्डावर आडनाव तेलुगूतून एक, दहावीच्या मेमोवर, म्हणजे मार्कशीटवर, इंग्रजीतून दुसरं, बाबांच्या मतदार कार्डावर तिसरंच. काकांनी तिन्ही कागद बाकावर ओळीनं मांडले आणि फार खूष झाले.

"म्हंजे तुमी तिघीजनी हाय. आता या तिघीची एक कराची. हेच आपलं काम हाय, माय. बाकी सारं कॉम्प्युटर करते."

त्यांच्या डेटाबेसात म्हणूनच 'उर्फ' नावाचं एक टेबल असे. नेरडीगोंडा कुणी नेराडीगोंडा लिहिलं, कुणी निर्डीगोंडा लिहिलं, तरी शोधणाऱ्याला गाव सापडलं पाहिजे. "शुद्धलेखन शिकवाले आपन शाळा नाई काढली," म्हणत. मोठ्या शहरांत मोठ्या कंपन्या ज्यासाठी महिनोन्महिने डोकं खाजवतात ते या माणसानं वडिलांच्या दप्तरावरून उचललं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

धंदेवाली माणसं आमच्याकडे येत ती व्याह्याच्या नाहीतर शेजाऱ्याच्या मोबाइलवर काहीतरी चकचकीत बघून. 'असंच पायजे,' एवढंच त्यांना माहीत. कुठला डेटाबेस, कुठली सीएमएस, असलं काही काका विचारत नसत. सीएमएस म्हणजे ज्यातून दुकानातला माणूस स्वतःच्या हातानं वेबसाइटवरचा फोटो, मजकूर, भाव बदलू शकतो ती सोय. काका एकच प्रश्न विचारत, "तुमच्याकडं चुका कोन दुरुस्त करते?" मालक गोंधळायचे. मग काका त्यांच्या दुकानात जाऊन तीन दिवस नुसते बसायचे. बाकावर, गल्ल्यापासून दूर, मांडीवर कॅलेंडर घेऊन. तिसऱ्या दिवशी चुका दुरुस्त करणारा माणूस त्यांना सापडायचाच. तो बहुतेक वेळा मालक नसायचा. वेबसाइट मग त्या माणसाच्या मापानं बेतली जायची.

मला समजावताना म्हणाले होते, "डेटाबेस म्हंजे कोठी, सीएमएस म्हंजे ओसरी. पाव्हना ओसरीवर बसते, थे साजरी पायजेच. पन दाना कोठीत राह्यते. ओसरी पाहून घर घेऊ नोको."

सीएमएस निवडायची त्यांची परीक्षाही त्यांचीच. त्या चुका दुरुस्त करणाऱ्या माणसासमोर कॉम्प्युटर ठेवायचा, बाजूला गरम चहाचा कप ठेवायचा आणि सांगायचं, ह्या मालाचा फोटो बदल. कुणी मदत करायची नाही. चहावर साय धरायच्या आत फोटो बदलला तर सीएमएस पास. साय धरली तर नापास, मग ती जगात कितीही गाजलेली असो. डिसेंबरात आदिलाबादला चहा बघता बघता गार होतो, हे त्या महिन्यात परीक्षेला बसणाऱ्या सीएमएसचं दुर्दैव.

माझंही. पंपवाल्या शेठचं काम आलं ते नेमकं डिसेंबरात. आम्हाला मिळालेलं सगळ्यात मोठं काम. आदिलाबादेत मोठं दुकान, मंचेरियलला शाखा, नेरडीगोंडा, बाजारहत्नूरकडे डीलर. पंप विकायचे आणि दुरुस्तही करायचे. सुट्या भागांचे ढीग, प्रत्येकाचा फोटो, वर्णन मराठी, तेलुगू आणि हिंदीत. डीलरांना त्यावरून माल मागवता यावा, आणि शेतकऱ्यानं तक्रार टाकली की ती मिस्त्रीच्या मोबाइलवर जावी. मी एक तयार सीएमएस निवडली होती. दिसायला अतिशय देखणी, जगभर चालणारी. आठवडाभर खपून मी ती मांडली. परीक्षेला बसले मिस्त्री, कारण त्या दुकानात चुका दुरुस्त करणारे तेच. मिस्त्रींनी एका झडपेचा फोटो मराठीत बदलला, मग तेलुगूत जायला वाट सापडेना, ती सापडली तर मराठीतला जुना फोटो परत आला. चहावर साय धरली. ती काकांनी बोटानं उचलून मला दाखवली.

"काका, थंडी हाय म्हनून गार झाला!"

"मंग थंडीत दुकान बंद ठेवाचं काय?"

शेठ हसले, मिस्त्रीही हसले. मी लाल झाले. शेवटी कोठी काकांच्या पद्धतीची झाली, एकेक रकाना काटेकोर, आणि ओसरी मी साधी, हातानं बांधली. झकास चालायला लागली. हे मान्य करायला मला तेव्हा जड गेलं, कारण राग माझ्या नाकावरच असायचा. अजूनही असतो.

पण सगळ्या काटेकोर टेबलांच्या शेवटी तो कैफियतीचा रकाना होताच. त्यात काय वाट्टेल ते लिहा. आणि लोक लिहीत! 'सकाळी फोन करू नये, पूजेत असतात.' 'अंगणात कुत्रा आहे, मुकाट्यानं येतो.' 'पंप चांगला आहे, यजमानाला बोलायला माणूस पाहिजे म्हणून बोलावतो.' त्यावरून ना यादी काढता येई ना बेरीज. पुस्तकात शिकलेल्या प्रत्येक नियमाच्या विरुद्ध. मी काकांना म्हटलं, हे काढून टाकू आणि त्याऐवजी आठ-दहा ठरावीक कारणं देऊ. वायर जळाली, गाळ भरला, पाणी आटलं. त्यातलं निवडायचं. आणि शेवटी 'इतर'.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "इतर म्हंजे कोन?"

"जे कशात बसत नाई थे."

"इतर नावाचा एक मानूस मले आदिलाबादात दाखव. मी आत्ता रकाना काढतो."

असं बोलणं झालं की मला वाटायचं, म्हातारा शब्दांचे खेळ करतो. पुढच्या आठवड्यात ते चार दिवस मंचेरियलला लेकीकडे गेले. मी तो रकाना काढून टाकला. तक्रारींच्या टेबलातून पूर्ण उडवला, तिथे माझी ठरावीक कारणांची यादी बसवली. जे जुनं त्यात बसेना ते सगळं 'इतर' केलं. काम इतकं सुबक झालं की मी स्वतःवरच खूष होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, पण ते कळायला दोन दिवस जायचे होते.

बाजारहत्नूरकडच्या एका विहिरीवर मिस्त्री पहिल्यांदाच गेले. त्या विहिरीची जुनी तक्रार दुसऱ्या मिस्त्रीनं बघितलेली होती आणि कैफियतीत लिहून ठेवलं होतं, 'पेटीत दोन लायनी आहेत. मेन बंद केली तरी करंट राहतो. खांबावरून बंद करा.' आमच्या मिस्त्रींनी उघडलं तेव्हा मोबाइलवर दिसलं, 'कारण: इतर.' त्यांनी मेन बंद केली आणि पेटीत हात घातला. जीव वाचला. उजवा हात मात्र भाजला, आणि पुढे कितीतरी दिवस गळ्यात बांधलेला होता.

शेठ जिना चढून वर आले ते ओरडतच. काका त्याच सकाळी परत आलेले, पिशवी अजून खांद्यालाच होती.

"इथं लिहेल होतं थे कोनं काढलं?"

मी खुर्चीवरून उठले. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी नजर खाली घातली.

"म्या काढलं," काका म्हणाले. "जड झालं होतं टेबल. चुकलो, शेठ."

शेठ त्यांना नाही नाही ते बोलले. बापाच्या पटवारकीपर्यंत गेले. काकांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. शेठ गेल्यावर ते कॉम्प्युटरसमोर बसले. दर सोमवारी ते सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवत. ती त्यांनी काढली आणि रकाना परत भरायला लागले. मला एक शब्दही बोलले नाहीत. मला तेच सहन झालं नाही. रागावले असते तर मी रडले असते आणि विषय तिथेच मिटला असता.

"तुमी काऊन खोटं बोलले?" मीच भडकले. "मले काय लहान लेकरू समजून राह्यले? माह्यं मी सांगितलं असतं!"

"तू सांगितलं असतं त मी गप बसलो असतो."

मी ओढणी सावरली, डबा उचलला आणि म्हटलं, उद्यापासून मी येणार नाही. काका स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "सरे, ठीक हाय. भाकर खाऊन जा." जेवायची वेळ झाली होती. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी असणार, त्यातली अर्धी माझी असणार, हे तीन वर्षांचं ठरलेलं होतं. मी न खाता जिना उतरले.

हैदराबादला मला चांगली नोकरी लागली. मोठमोठ्या धंद्यांच्या वेबसाइटींसाठी कोठी कुठली आणि ओसरी कुठली हे ठरवून देणं हेच माझं काम झालं. पांढऱ्या फळ्यावर मी चौकोन काढते, बाण काढते, लोक माना डोलावतात. निवड करायची वेळ आली की मी अजूनही विचारते, तुमच्याकडे चुका कोण दुरुस्त करतं? आणि त्या माणसासमोर चहा ठेवते. ऑफिसात याची टिंगल होते. मी सांगत नाही हे कुठून आलं. सांगायला गेले तर त्या दुपारपर्यंत सांगावं लागेल.

मला त्यांची फार आठवण येते. वेळीअवेळी येते, आणि अशी येते की हातातलं काम राहतं. कॉम्प्युटर अडकला की ते कोर्टातल्या शिपायासारखी "हाजिर हो!" अशी आरोळी ठोकत आणि खालचे भांडीवाले वर बघत. बसमध्ये कायम ड्रायव्हरमागची सीट धरत, कारण "चूक झाली त पयले आपल्याले दिसली पायजे". अंबाडीच्या भाजीत मिरची जास्त झाली की माझ्या पुढ्यात भाकरीचा मोठा तुकडा सरकवत. हैदराबादला अंबाडी ढिगानं मिळते. तसली भाजी मिळत नाही. दर दिवाळीला आदिलाबादला गेले की मी त्या भांड्यांच्या दुकानासमोरून जायची, वर बघायची, खिडकीत दिवा असायचा. जिना चढायची नाही. पुढच्या वेळी, म्हणायची.

यंदा शेठच्या मुलीचा फोन आला. धंदा आता ती बघते. वेबसाइट जुनी झाली, नवीन करायची, डेटाबेस आणि सीएमएस कुठली घ्यावी ते येऊन सांगा. तिला माहीत नव्हतं की ती जुनी ओसरी मीच बांधलेली. मी एप्रिलात गेले.

दुकानात मिस्त्री गल्ल्याशेजारी बसले होते. केस पिकलेले. उजव्या हाताच्या पाठीवर कातडी गुळगुळीत, चकाकणारी. मी चहाबिहाच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा गिळलं असतं.

"मिस्त्री, तुमचा हात भाजला तवा थो रकाना मी काढला होता. काकानं नाई."

"मालूम हाय."

"काकानं सांगितलं?"

"थे काय सांगतीन!" मिस्त्री हसले. "अवं बाई, पटवारी जल्मात कैफियतीचा रकाना काढन काय? शेठले बी मालूम होतं. शिव्या देऊन जिना उतरले अन मले म्हने, पोरीचं काम हाय, पन पटवारी कबूल झाला, आता बोलून काय उपेग."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. ते खोटं कुणालाच फसवायला नव्हतं. मला तोंड उघडायला थोडा वेळ मिळावा म्हणून होतं, आणि तो वेळ मी नऊ वर्षं वापरला नाही. मला तिथे बसवेना. मिस्त्रींनी चहा सांगितला आणि जुना कॉम्प्युटर माझ्यासमोर सरकवला.

मी कामाला लागले. दुसरं काय करणार? जुन्यातलं नव्यात काय न्यायचं हे आधी ठरवावं लागतं. पंप न्यायचे, गावं न्यायची, उर्फ न्यायचे, आणि कैफियत टेबलाटेबलातून जशीच्या तशी न्यायची. हे मी कागदावर सगळ्यात वर लिहिलं. शेठच्या मुलीनं विचारलं, याचा उपयोग काय? मिस्त्रींनी तिच्यासमोर हात धरला. तिनं मान हलवली.

राहिली ती वेबसाइट चालवणाऱ्या माणसांची यादी, ज्यांना पासवर्ड दिलेला असतो त्यांची. एकेका नावापुढे 'चालू' किंवा 'बंद'. वर्षानुवर्षं जे आत आले नाहीत त्यांना बंद करून टाकायचं, हा सगळीकडचा रिवाज. मी एकेकाला बंद करत खाली आले. शेवटून दुसरं नाव माझं होतं. तिन्ही स्पेलिंगांसकट. पुढे 'चालू'. आणि शेवटच्या रकान्यात, वडिलांच्या दप्तरातल्या भाषेत, ओळीखाली ओळ:

'रागावून गेली. येईल. बंद करू नये.'

'हैदराबादला आहे असे कळते. बंद करू नये.'

'आली नाही. बंद करू नये.'

मिस्त्रींनी चहाचा कप माझ्या बाजूला आणून ठेवला. गरम होता, वाफ निघत होती. मी माझा जुना पासवर्ड टाकून बघितला. दार उघडलं. मी तिसऱ्या ओळीखाली गेले आणि लिहायला घेतलं. 'आली.' एवढं लिहून हात थांबले. मग 'काका' लिहिलं, आणि डोळ्यांपुढचं सगळं धुरकट झालं. पुढचे तीन शब्द लिहायला किती वेळ गेला मला माहीत नाही. मिस्त्री बघत होते, मदत करत नव्हते. त्यांना नियम ठाऊक होता.

'आली. काका, चूक माझी होती.'

लिहून झालं तेव्हा कपाकडे बघितलं. चहावर साय धरली होती. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं, थंडीचं कारण सांगायची सोय नव्हती.